खुशालीचा कागद

१९९९ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट आहे. आम्ही तेव्हा चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातील एका लहानशा धर्मग्रामात नव्याने रुजू झालो होतो. सेमिनरीत शिकलेल्या तत्त्वज्ञानापेक्षा आणि ईशज्ञानापेक्षा गावाला आमच्या लिहिण्यावाचण्याचा उपयोग अधिक होता. रेशनकार्डाचा अर्ज, मुलाचा दाखला, बँकेचे पासबुक यांसाठी लोक येत, आणि आलेले पत्र वाचून घेण्यासाठीही येत. त्यात ख्रिस्ती थोडे आणि इतर पुष्कळ असत.

धानाची रोवणी चालू होती. अशा एका दुपारी एक माउली बांधावरून तशीच, चिखलाने माखलेल्या पायांनी, आमच्या ओसरीवर आली. तिच्या हाती निळे अंतर्देशीय पत्र होते. मुलगा सैन्यात होता. त्याची पलटण काश्मीरकडे गेली आहे एवढेच तिला ठाऊक होते, आणि कारगिलच्या युद्धाच्या बातम्या तर रोज रेडिओवर येत होत्या. आम्ही पत्र फोडले व वाचू लागलो. इकडे सर्व खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी. पाऊस कसा आहे? रोवणीला माणसे मिळाली का? लंगडणाऱ्या बैलाचे काय झाले? मग मध्येच तीन ओळी आल्या. त्याच्या शेजारी झोपणारा, त्याच्याच वयाचा एक सोबती आठवड्यापूर्वी मारला गेला होता आणि त्याची पेटी बांधण्याचे काम याच्यावर आले होते. त्या ओळी आम्ही मनात वाचल्या, मोठ्याने वाचल्या नाहीत. थेट धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या विचारपुशीवर आलो आणि पत्र संपवले.

माउलीने पत्र हाती घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “फादर, कागद त भरला आहे, मंग वाचणं येवढ्यात कसं सरलं?”

तिला अक्षर येत नव्हते, पण भरलेला कागद वाचायला किती वेळ लागतो हे तिला आजवरच्या पत्रांवरून कळले होते. पुढे काय घडले ते शेवटी सांगू. मात्र त्या दिवसापासून एका प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. रणांगणावरचा शिपाई आणि त्याचे घर यांच्यामध्ये नेहमी कोणीतरी तिसरे माणूस उभे असते. कधी तो लिहिणारा असतो, कधी तपासणारा, कधी वाहणारा, तर कधी वाचून दाखवणारा. या तिसऱ्या माणसाच्या हातून काय काय झाले, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या भूमीवरून पाहण्याचा प्रस्तुत लेखात आमचा प्रयत्न आहे.

चांद्याची तार

आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मिळून पूर्वी एकच चांदा जिल्हा होता. १९६४ मध्ये त्याला चंद्रपूर हे नाव मिळाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा नवा जिल्हा निघाला. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर, १८५४ पासून, या प्रदेशावर इंग्रजांचा अंमल सुरू झाला. त्यानंतर चारच वर्षांनी मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी उठाव केला.

या उठावातील एक घटना आमच्या विषयाशी जवळची आहे. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहिता नदीजवळ चिंचगुडी येथे तारखात्याच्या नोकरांच्या छावणीवर हल्ला झाला आणि गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. पीटर नावाचा त्यांचा सोबती निसटला आणि त्याने ही बातमी चांद्याचे अधिकारी कॅप्टन क्रिक्टन यांना पोहोचवली. पुढे बाबूराव पकडले गेले व २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.

या जंगलातील पहिल्या इंग्रजी युद्धाचा घाव तारवाल्यांवर पडला, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. तार ही सरकारची होती. तिच्यावरून हुकूम धावत, फौज कोठे पाठवावी हे ठरे. गोंड राजवाड्याच्या किंवा माडियाच्या झोपडीच्या खुशालीशी तिचा काही संबंध नव्हता. मात्र मारल्या गेलेल्या त्या दोन नोकरांचीही कोठे तरी घरे असतील. त्या घरांना बातमी कळायला किती दिवस लागले असतील आणि ती कोणी वाचून दाखवली असेल, याचा विचार इतिहास सहसा करीत नाही.

सामान्य माणसाचे टपाल वेगळ्याच पायांनी चाले. एका हातात घुंगरू लावलेला भाला आणि खांद्यावर थैली घेऊन धावणारा डाकवाला हाच या देशात घर आणि परगाव यांच्यातील दुवा होता. १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड मिळू लागले आणि १८८० पासून मनिऑर्डर सुरू झाली. या दोन साध्या सोयींमुळे पलटणीतल्या शिपायाचे घराशी नाते बांधले गेले. मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. पैसे आले की पोर जिवंत आहे हे घराला कळे, आणि त्या चार ओळी हा वरचा प्रसाद.

बसऱ्याचा शिपाई

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे तपासण्यासाठी १९१४ च्या अखेरीस सरकारने एक कचेरी उघडली. ती पुढे बूलोन या बंदरात होती आणि एव्हलिन हॉवेल हा अधिकारी तिचा पहिला प्रमुख होता. आठवड्याला हजारो पत्रे या कचेरीच्या हातून जात. बहुतेक शिपाई निरक्षर होते. ते सांगत आणि पलटणीतला कोणी जाणता लिही. पत्र गावी पोहोचले की शाळामास्तर, पाटील किंवा पोस्टमन ते वाचून दाखवी. म्हणजे नवऱ्याने बायकोला लिहिलेले एक पत्र वाटेत निदान तीन परक्यांच्या कानांवर व डोळ्यांखाली जात असे.

आपले पत्र साहेब वाचतो हे शिपायांनाही ठाऊक होते. म्हणून त्यांनी खुणेची भाषा केली. हिंदी शिपायांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ म्हणत, काळी मिरी संपत आली आहे असे ते लिहीत. तपासणाऱ्यांनाही हे उमजत होते. तरी ते बरेचसे जाऊ देत, कारण पत्र अडले तर पलटणीचे मन बिघडते हे त्यांना कळत होते.

यात एक मोठी विसंगती आहे. शिपायांच्या घरी गेलेली मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झाली. मातीच्या घरांत, गळक्या छपरांखाली ती टिकणार कशी? आज त्या माणसांचे शब्द आपल्याला वाचता येतात ते तपासनिसांनी इंग्रजीत उतरवून ठेवलेल्या उताऱ्यांमुळे. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्याने चोरून वाचले त्यानेच जपून ठेवले, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठी शिपायांची मोठी संख्या मात्र फ्रान्समध्ये नव्हे, तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. सहावी डिव्हिजन ‘पुणे डिव्हिजन’ म्हणूनच ओळखली जाई. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९१४ च्या नोव्हेंबरात त्या बसऱ्याच्या बाजूला उतरल्या आणि वर्षभराने बगदादच्या वाटेवरून मागे हटत कुत-अल-अमारा या गावी येऊन अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा सुमारे पाच महिने वेढा चालला. सेनापती टाउनशेंड यांच्याजवळ बिनतारी यंत्र होते आणि त्यावरून ते आपल्या वरिष्ठांशी बोलत. शिपायाच्या खुशालीसाठी ते यंत्र नव्हते. अखेरीस धान्य संपले, विमानांतून टाकलेली पोती पुरी पडली नाहीत आणि सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांतली हजारो वाळवंटातल्या वाटचालीत आणि कैदेत मेली.

सातारा, रत्नागिरी, नगर या जिल्ह्यांतल्या घरांत त्या काळात काय झाले असेल याची कल्पना करावी. अगोदर पत्र यायचे थांबले. नंतर मनिऑर्डरीबद्दल कचेरीत विचारणा सुरू झाली. त्यानंतर ‘बेपत्ता’ हा शब्द आला. मृत्यूची बातमी आली तर घर रडून मोकळे होते, कुंकू पुसले जाते, दिवस घातले जातात. बेपत्ता माणसाच्या घरी यातले काहीच करता येत नाही. जिनिव्हाच्या रेडक्रॉसने युद्ध सुरू होताच कैद्यांसाठी जी कचेरी उघडली, तिच्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात सुमारे सत्तर लाख कार्डे साठली. प्रत्येक कार्डामागे कोणाचा तरी एकच प्रश्न होता: आमचा माणूस आहे की नाही?

नाव सांगणारी नभोवाणी

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न पुन्हा मराठी घरांत शिरला. २१ जून १९४२ रोजी उत्तर आफ्रिकेतील तोब्रुक पडले आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण तेथे कैद झाली. तोब्रुकच्या कैद्यांपैकी पुष्कळांना समुद्र ओलांडून इटलीत नेण्यात आले. इटलीत अवेझानो येथे हिंदी युद्धकैद्यांची छावणी होती.

येथे आपल्या ख्रिस्तसभेच्या एका कार्याची आठवण करणे प्राप्त आहे, कारण आपल्या धर्मग्रामांतील फारच थोड्यांना ते ठाऊक असते. १९३९ मध्ये युद्ध पेटताच पोप पायस बारावे यांनी व्हॅटिकनमध्ये बेपत्ता व कैदी माणसांची चौकशी करणारे माहिती कार्यालय उघडले. या कामावर देखरेख ठेवणाऱ्यांत मोन्सिन्योर मोंतिनी होते. तेच पुढे पोप पॉल सहावे झाले आणि १९६४ च्या डिसेंबरात मुंबईच्या युकॅरिस्टिक काँग्रेसला आले. या कार्यालयाला कोणीही पत्र लिहावे, कैद्याचे नाव कळवावे, कार्यालयाने छावण्यांतून शोध घ्यावा आणि उत्तर घरी धाडावे, असा क्रम होता. व्हॅटिकन नभोवाणीवरून १९४० ते १९४६ या वर्षांत बारा लाखांहून अधिक निरोप वाचले गेले. कोणी धर्मगुरू, कोणी भगिनी तासन् तास नुसती नावे वाचीत बसत. कार्यालय १९४७ मध्ये बंद झाले. त्याच्या नोंदींत एकवीस लाखांच्या आसपास युद्धकैद्यांची नावे आहेत आणि २००४ मध्ये त्या अभ्यासकांसाठी खुल्या करण्यात आल्या.

उलट बाजूने, आपल्या देशात हजारो इटालियन कैदी देहरादून, योल, भोपाळ आणि बंगळूरच्या छावण्यांत होते. पोपचे हिंदुस्थानातील प्रतिनिधी आर्चबिशप लिओ किर्केल्स यांनी त्यांच्या छावण्यांना भेटी दिल्या आणि त्यांचे निरोप घरी जावेत म्हणून खटपट केली. म्हणजे अवेझानोत मराठी शिपाई घरची वाट पाहत होता, त्याच वेळी भोपाळच्या उन्हात एखादा नेपल्सचा शेतकरी आपल्या आईच्या पत्राची वाट पाहत होता. दोघांच्या मध्ये उभे राहणाऱ्याने कोणता सैनिक कोणत्या बाजूचा हे विचारले नाही, नाव तेवढे विचारले. या कामात चुका व उशीरही झाले असतील. तरी तिसऱ्या माणसाचा धर्म कोणता, याचे एक उत्तर त्या कामात आहे असे आम्हांस वाटते.

युद्धातल्या पत्रांबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. लपवणे हे एकाच बाजूने होत नाही. शिपाई घरापासून जखम लपवतो आणि घर शिपायापासून भूक लपवते. बैल मेला, सावकाराने तगादा लावला, पोरगे तापाने गेले, हे कळवायचे की नाही यावर ओसरीवर खल होतो. “तो तिकडे लढतो आहे, त्याचा जीव कशाला टांगणीला लावायचा?” असे कोणी म्हणते आणि पत्र लिहिणारा मास्तर ‘सर्व क्षेम’ लिहून मोकळा होतो. सरकारचा सेन्सॉर बूलोनला बसला होता, पण त्याच्या कितीतरी आधी प्रेमाचा सेन्सॉर प्रत्येक घरात बसलेला होता.

कामठीचे टपाल

मराठी घरांतून पलटणीत जाणाऱ्यांत एक समाज असा होता की ज्याला पत्र लिहिण्याच्या अगोदर पलटणीचा दरवाजाच ठोठवावा लागला. महारांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंद केली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी तिच्यासाठी अर्ज केले. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, पण युद्ध सरल्यावर ती मोडली गेली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावी महार रेजिमेंटची स्थापना झाली आणि तिची दुसरी पलटण नागपूरजवळ कामठीला उभी राहिली. पलटणीने या समाजाला पगाराबरोबर अक्षरही दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ज्या घराला दुसऱ्याकडून पत्र वाचून घ्यावे लागे, त्याच घरातून पुढे वाचून दाखवणारी माणसे निघाली.

कामठीचे नाव आमच्या विषयात आणखी एका कारणाने येते. सैन्याच्या टपाल सेवेचे प्रशिक्षण केंद्र याच गावी आहे. डाकखात्यातून घेतलेली माणसे येथे गणवेश चढवतात आणि छावणी-छावणीत टपाल पोहोचवण्याचे शिक्षण घेतात. १ मार्च १९७२ रोजी या सेवेला स्वतंत्र कोअरचा दर्जा मिळाला. सैनिकाच्या पत्त्यात तो कोठे आहे हे कधीच नसते. त्याचा क्रमांक, नाव, पलटण आणि ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ एवढेच असते. चांद्याच्या एखाद्या आईने हे अक्षर-आकडे देवाच्या नावासारखे पाठ केलेले आम्ही पाहिले आहेत. ‘छप्पन एपीओ’ हे तिच्या लेखी एक गाव होते. तिने एकदा आम्हांस विचारलेही होते की त्या गावी पाऊस किती पडतो!

या काळात घराला सर्वात भय वाटे ते तारेचे. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पडलेल्या शिपायांच्या घरी तार आली, पुढे पेटी आली. देह बहुधा तेथेच अग्नीला किंवा मातीला दिला जाई. पडलेल्या जवानांचे देह त्यांच्या गावी पाठवण्याची रीत कारगिलच्या युद्धापासून रूढ झाली. १८५८ मध्ये चिंचगुडीला जिच्यासाठी दोघे मेले, ती तार अखेर २०१३ मध्ये देशभर बंद झाली. मनिऑर्डरीचे जुने रूपही २०१५ मध्ये संपले.

घरापासून चाळीस किलोमीटर

आतापर्यंत सांगितलेली युद्धे दूरची होती. चांद्याचा मुलगा बसऱ्याला, इटलीला, काश्मीरला जाई आणि त्याची खुशाली घरी येई. १९८० नंतर युद्धच घरी आले. त्या वर्षी आंध्रातून पीपल्स वॉरची पहिली पथके गोदावरी-प्राणहिता ओलांडून सिरोंचा-अहेरीच्या जंगलात शिरली. सरकार याला युद्ध म्हणत नाही, आणि येथे लढणारा जवान सैन्याचा नव्हे तर पोलिसांचा किंवा केंद्रीय राखीव दलाचा असतो. परंतु ज्या घरी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली, त्या घराला शब्दांतला हा फरक कोण समजावणार? ८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला सुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले.

या जवानांतील पुष्कळ याच मातीतले. १९९० च्या सुमारास गडचिरोली पोलिसांनी स्थानिक तरुणांचे ‘सी-६०’ हे पथक उभारले. गोंड, माडिया, इतर गावकरी यांची पोरे त्यात आली. आता येथे एक विचित्र गोष्ट झाली. बसऱ्याचा शिपाई घरापासून हजारो मैल दूर होता, पण रजा मिळाली की तो उजळ माथ्याने आपल्या गावी येई, ओसरीवर बसून युद्धाच्या गोष्टी सांगे. गडचिरोलीचा जवान घरापासून चाळीस किलोमीटरवर असूनही गावी जाऊ शकत नसे. रजेवर गावी गेलेल्या जवानांच्या हत्या झाल्या. म्हणून अनेकांनी बायकामुलांना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी आणले, आणि म्हातारे आईबाप गावी राहिले. सणाला, शेतीला, काही वेळा बापाच्या मातीलाही जाता आले नाही. दुरावा मैलांत मोजता येत नाही, हे आम्ही या जिल्ह्यात शिकलो.

डाक येथेही होती, पण तिची वाट पावसाळ्यात पर्लकोटा नदी अडवी. पूर आला की भामरागडचा संबंध तुटे, एस.टी. थांबे आणि तिच्यातली टपालाची थैलीही थांबे. त्याहून मोठी अडचण भाषेची होती. माडिया आईला मराठी कळत नाही आणि माडियाला स्वतःची जुनी लिपी नाही. म्हणून मुलाने आईला पत्र लिहायचे तर ते तिला न कळणाऱ्या भाषेत लिहायचे, मग शाळेतल्या कोणी ते वाचायचे आणि तिच्या भाषेत सांगायचे. आश्रमशाळेत शिकून मुलगा जितका हुशार झाला, तितके त्याचे पत्र आईपासून दूर गेले.

यासाठीच भ्रमणध्वनी या जंगलात आला तेव्हा त्याचे मोल शहरापेक्षा निराळे होते. शहरात तो सोयीचा होता. येथे त्याने प्रथमच आईच्या भाषेत आईला मुलाचा आवाज ऐकवला, आणि तोही मध्ये कोणी तिसरा नसताना. मात्र टॉवर विरळ होते, आणि उभे राहिलेले काही माओवाद्यांनी जाळले. झाडावर चढून किंवा टेकडीवर जाऊन ‘रेंज’ शोधणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. उपग्रहामार्फत चालणारा फोन काही तळांवर आला. जवानांसाठी त्याचा दर २०१७ च्या दिवाळीत मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपयावर आणला गेला.

मग तिसरा माणूस कायमचा गेला का? आम्हांस तसे वाटत नाही. मोहिमेवर निघताना फोन बहुधा तळावरच राहतो. तीन दिवस, पाच दिवस आवाज येत नाही. जाण्यापूर्वी जवान बायकोला सांगतो, “दोन-चार दिवस नेटवर्क नसेल.” ती समजते, तिला समजले हे त्यालाही कळते आणि दोघेही नेटवर्कवर बोलतात. जुन्या पत्रातले ‘सर्व खुशाल आहे’ हेच वाक्य आता नव्या शब्दांत बोलले जाते, इतकेच. याच काळात चकमकीची बातमी दूरचित्रवाणीवर अगोदर येते, नावे नंतर येतात. पूर्वी महिनाभर चालणारी ‘बेपत्ता’ची घालमेल आता काही तासांत आटोपते, पण ते तास काही थोडे नसतात.

दुसरी झोपडी

येथवर थांबलो तर आम्ही पुन्हा तीन ओळी गाळल्या असे होईल. याच गावांतील काही मुलेमुली दलमात गेली. त्यांच्या घरी मनिऑर्डर आली नाही, क्रमांक आला नाही, ५६ ए.पी.ओ.सारखा पाठ करण्याजोगा पत्ताही नव्हता. जंगलातून आलेली चिठ्ठी घरात सापडली तर पोलिसांचे भय, आणि घरच्यांनी पोलिसांशी बोललेले दिसले तर दलमाचे. खबऱ्या ठरवून मारल्या गेलेल्या गावकऱ्यांची तर दोन्हीकडे दाद लागली नाही. अहेरी तालुक्यातील विमला सिडाम ऊर्फ तारक्का यांनी चार दशके जंगलात काढली आणि १ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीत शस्त्र खाली ठेवले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह त्याच शहरात शरणागती पत्करली. कोणाच्या हातून काय घडले याचा न्याय न्यायालयाने करावा. हिंसेचे समर्थन आम्ही करीत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की चाळीस वर्षे निरोप न गेलेल्या झोपड्याही या इतिहासात आहेत आणि तेथे वाट पाहणारी माणसे वाट पाहूनच मेली.

आता त्या जुलैमधल्या दुपारीकडे वळू. माउलीने विचारले तेव्हा आम्ही क्षणभर सबब शोधली, सापडली नाही. आम्ही तिच्या हातून कागद परत घेतला आणि गाळलेल्या तीन ओळी वाचल्या. तिला रडू येईल, ती घाबरेल, असे आम्हांस वाटले होते. तिने मुलाबद्दल एक अक्षरही विचारले नाही. बराच वेळ ती अंगणातल्या पावसाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “त्या पोराच्या मायला कोनं वाचून दाखवलं असन, फादर?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशीच्या मिस्सामध्ये आम्ही त्या अनोळखी मुलासाठी आणि त्याच्या आईसाठी प्रार्थना केली. माउली आमच्या धर्माची नव्हती, तरी दारापाशी उभी होती. तिचा मुलगा पुढे सुखरूप परतला. सेवानिवृत्तीनंतर तो गावातच शेती करतो. त्यानंतर पत्रे वाचण्याचे काम हळूहळू संपत गेले. पण जोवर ते होते, तोवर आम्ही आलेला कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवला, आणि वाचून झाल्यावर उठून न जाता तेथेच बसून राहिलो.